जिन्याचा कप्पा

प्रतीकने पाण्याच्या बाटल्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यात एकीला एक खेटून उभ्या केल्या आणि मागे सरकून बघितलं.

"हां, आता बरोबर. आई, रिकामा फ्रिज जास्त वीज खातो. दार उघडलं की सगळा गारवा बाहेर. बाटल्या असल्या की त्या गारवा धरून ठेवतात. बिल्कुल सायंटिफिक आहे."

"बरं," अलकाताई म्हणाल्या. प्रतीक ऑफिसला गेला. सून केतकी आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसली. मग अलकाताईंनी सगळ्या बाटल्या उचलून खालच्या कप्प्यात आडव्या घातल्या. मधला कप्पा पुन्हा मोकळा झाला.

फ्रिज कसा वापरायचा हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. दाराचं रबर साबणाच्या कोमट पाण्याने पुसायचं, गरम पातेलं आत ढकलायचं नाही, फ्रिज भिंतीला चिकटवायचा नाही. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं केलं होतं. आणि मधला कप्पा आपल्या सामानाने भरायचा नाही, हाही तिथलाच नियम.

त्या जिन्यावरच्या बिऱ्हाडांत पहिला फ्रिज अलकाताईंकडे आला, आणि आल्या दिवसापासून मधला कप्पा सगळ्या जिन्याचा झाला. नायरबाईंचं इडलीचं पीठ, तळमजल्यावरच्या चोप्राकाकांचं इन्सुलिन, वरच्या सेनबाईंचा मासा. तो पिशवीत पिशवी गुंडाळून यायचा, तरी वास यायचाच. बर्फ काढायच्या रविवारी सगळ्यांचं सामान बाहेर निघायचं आणि टिकणार नाही ते सगळ्याजणी तिथेच ओट्यापाशी बसून फस्त करायच्या. काय हसायच्या! पुढे घरोघरी फ्रिज आले. तरी नायरबाई पातेलं घेऊन यायच्याच. "हमारे में जगह नहीं है," म्हणायच्या. अलकाताईंनी कधी त्यांचा फ्रिज उघडून बघितला नाही. असलं काही बघायचं नसतं.

दिल्लीतल्याच द्वारकेच्या या सोसायटीत मात्र बेल वाजायची ती ऑर्डर केलेलं सामान आलं की. समोरच्या दारावर 'अहलावत' अशी पाटी होती. त्या बाई लिफ्टमध्ये "नमस्ते जी" म्हणायच्या, आणि गाडी तिथेच अडायची. दिवाळीला अलकाताईंनी फराळाचं ताट नेऊन दिलं होतं. "थँक्यू जी" झालं आणि ताट वॉचमनच्या हाती परत आलं, स्वच्छ घासून. मुलगा-सून चांगली होती, काही कमी पडू देत नव्हती. पण अलकाताईंना माणसांवाचून करमत नव्हतं, आणि शेजार काही ऑर्डर करून मागवता येत नाही.

उद्या गुढीपाडवा. त्यांनी चक्का फेटून, वेलदोडा घालून श्रीखंड केलं, डब्यात भरलं आणि डबा मधल्या कप्प्यात ठेवला. एवढ्या मोठ्या कप्प्यात तो एकटाच. त्या दार धरून बघत राहिल्या. दार फार वेळ उघडं राहिलं तसा फ्रिज टुंई टुंई करायला लागला. जुना बिचारा नुसता घरघरायचा, घरच्या बाईवर असा ओरडायचा नाही.

अलकाताईंनी डबा पुन्हा बाहेर काढला. पदर सारखा केला आणि समोरची बेल वाजवली. या वयात हे कसले उद्योग!

दार उघडलं. "वो क्या है जी," त्या एका दमात म्हणाल्या, "कल हमारा त्योहार है, और हमारे फ्रिज में बिल्कुल जगह नहीं है। रात भर ये डिब्बा आपके यहाँ रख दूँ?"

अहलावतबाईंनी डब्याकडे बघितलं, मग अलकाताईंकडे. आता वॉचमनकडे पाठवतात की काय, असं अलकाताईंना वाटून गेलं.

"तो अंदर आइए ना," अहलावतबाई म्हणाल्या.

त्यांचा फ्रिज गच्च भरलेला होता. त्यांनी दह्याचं मडकं हलवलं, पालेभाजीचं पातेलं बाहेर काढलं, लोणच्याची बरणी अलकाताईंच्या हातात दिली. एवढ्यात तोही फ्रिज टुंई टुंई करायला लागला.

"ये भी ना, बिल्कुल सास की तरह टोकता है," अहलावतबाई बोलून गेल्या आणि जीभ चावली.

अलकाताई खळखळून हसल्या. हातातली बरणी सांभाळत हसल्या. मग अहलावतबाईही हसायला लागल्या.

"सुबह ले जाऊँगी," अलकाताई निघताना म्हणाल्या.

"चाय के टाइम आइए। साथ में पिएँगे।"

घरी आल्या तर केतकी पाणी घ्यायला स्वयंपाकघरात आली होती. फ्रिजचं दार उघडंच होतं.

"आई, श्रीखंड कुठे गेलं?"

"समोर ठेवलंय. अहलावतबाईंच्या फ्रिजमध्ये."

"तिकडे कशाला?" केतकीने मधल्या कप्प्याकडे बोट केलं. "हा अख्खा रिकामाच आहे की."

फ्रिज ओरडायच्या आत अलकाताईंनी दार हळूच लावून घेतलं.

"आहे ना," त्या म्हणाल्या. "तो त्यांच्यासाठी ठेवलाय."