मिस्त्रीचा तिसरा हात

"बसला!" प्रेमानंद म्हणाले.

मांडीवरच्या ऑइल पंपात नवा पितळी बुश, म्हणजे गिअरचा दांडा फिरतो ती नळी, ठोकलेला होता. त्यातून ओवलेला गिअर त्यांनी एका बोटानं फिरवला. कुठे अडला नाही. अंगठ्यानं डावीउजवीकडे ढकलून पाहिला. हलला नाही. हा तिसरा बुश. पहिला ढिला निघाला. तेलाचा दाब चढेना आणि इंजिन खटखट करी. दुसरा इतका घट्ट की गिअर गरम होऊन जाम. मनीषनगरच्या घरासमोर बाहत्तर सालची फियाट तीन महिने बॉनेट उघडून उभी होती.

"पाह्य वं मेघा, नख बी जाणार नाही अशी फिट."

त्यांची सून मेघा पायरीवर मटार सोलत होती. सोललेल्या दाण्यांची वाटी तिनं आठवणीनं वरच्या पायरीवर ठेवली होती. दीड वर्षाच्या वेदूचा हात तिथवर पोचत नव्हता. वेदू आजोबांजवळ पोत्यावर बसली होती.

"आता छर्रा टाकला का झालं," म्हणत प्रेमानंदांनी समोरच्या फडक्यावर हात फिरवला. स्प्रिंग होती, नट होते. छर्रा नव्हता. मटारच्या दाण्याएवढी पोलादी गोळी. "आत्ता तं इथंच होता! घरंगळला वाट्टे." टॉर्च लावून ते गाडीखाली वाकले.

मेघा गाडीखाली पाहत नव्हती. सकाळपासून एकसारखी बडबडणारी वेदू गप्प होती. ओठ घट्ट मिटलेले. एक गाल फुगलेला.

मेघाच्या हातातली शेंग खाली पडली.

नट तोंडात धरू नका, पोरगी बघते, असं ती आठवडाभर सासऱ्यांना सांगत होती. ते हसायचे. "माणसाले हात दोनच असतात. तोंड म्हंजे मिस्त्रीचा तिसरा हात. चाळीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमधी असंच केलं."

"बाबा," ती म्हणाली. "गाडीखाली नाही."

प्रेमानंदांनी वळून पाहिलं. टॉर्च हातात तशीच चालू राहिली.

मेघा एक पाऊल पुढे आली. वेदूला वाटलं, खेळ. तोंड मिटूनच तिनं मान मागे टाकली आणि नाकातून हसली. मेघा जागीच थिजली. ओरडलं तर दचकेल. धरलं तर रडेल, आणि रडताना श्वास आत ओढेल. बोट घातलं तर छर्रा मागे सरकेल. काय करायचं नाही ते सगळं तिला पाठ होतं.

"हलू नको," प्रेमानंद पुटपुटले.

ते हळूच पोत्यावर टेकले. वेदूकडे न बघता त्यांनी एक नट तोंडात टाकला. गाल फुगवला. पंप मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी गिअर फिरवला. मग मान खाली घालून नट तळहातावर काढला. थू.

वेदू पाहत होती. तिच्या गालातला फुगा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला गेला. मेघानं ओढणी मुठीत आवळली.

पुन्हा नट तोंडात. पुन्हा गिअर. पुन्हा थू.

"चाल वं मिस्त्रीण," त्यांनी तळहात पुढे केला. "आता तुहा नंबर. दे लवकर, गाडी थांबून राह्यली."

वेदूनं आजोबांच्या हाताकडे पाहिलं. मग आईकडे. वेदूच्या गळ्याशी काहीतरी हललं.

वेदूनं मान खाली घातली.

"थू."

लाळेनं माखलेला छर्रा तळहातावर पडला. प्रेमानंदांनी मूठ मिटली आणि बराच वेळ उघडली नाही.

मेघानं लेकीला उचलून इतकं आवळलं, की ती भोकाड पसरून रडायला लागली.

"रडू दे," प्रेमानंद म्हणाले. "खूप रडू दे तिले."

मग मेघानं मटार ताटात ओतले आणि रिकामी वाटी त्यांच्यासमोर आदळली. "सगळं यात ठेवायचं, बाबा."

"हो बेटा. कानाले खडा." त्यांनी नट, स्प्रिंग, एकेक करून वाटीत टाकलं.

पंप तेवढा चढवायचा राहिला होता. ते गाडीखाली सरकले. एका हातानं पंप वर दाबून धरला, दुसऱ्यात पाना आणि एक नट. गिअर बुशमधून खाली सुटू लागला, तसा त्यांनी अंगठा लावला. वाटी पायाशी राहिली होती. नजर बुशवरच ठेवून त्यांनी बोटांतला नट ओठांत धरला.

मेघाच्या कडेवर वेदूचं रडं थांबलं. ती गाडीखाली वाकून आजोबांच्या ओठांकडे पाहू लागली, आणि तिनं हळूच आ केला.