पुढे धावणारा कॅमेरा

धाकट्या दिराला घरात सगळे 'फुकटभाऊ' म्हणत, कारण विकतचं सॉफ्टवेअर दिसलं की त्याच्या कपाळाला आठ्या पडत. त्या दुपारी त्याने वहिनीच्या जुन्या लॅपटॉपवर हौसेने फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली टाकली आणि कॅमेरा सुरू करून पाहिला.

पडद्यावरच्या फुकटभाऊने नाक खाजवलं. खऱ्या फुकटभाऊच्या नाकाला खाज त्यानंतर सुटली.

"वहिनी, चित्र माझ्या पुढे धावतंय!"

"आधी असलं काही नव्हतं हं, भाऊजी," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली.

"आधीच्या विकतच्या सॉफ्टवेअरच्या आत काय चाललंय ते दिसत तरी होतं का? हे कसं, सगळं उघडं! कॅमेरा चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, बदलला की येईल ताळ्यावर."

त्याने ड्रायव्हर बदलला, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. चित्र आणखीच पुढे गेलं. ते शिंकलं, तेव्हा त्याला खिशातून रुमाल काढायला पुरेसा वेळ मिळाला.

"बघा, उलट सोयच झाली!" तो खुशीत ओरडला.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

पडद्यावरच्या फुकटभाऊने स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग तो गर्रकन कॅमेऱ्याकडे फिरला आणि खऱ्या फुकटभाऊच्या डोळ्यांत डोळे घालून, हात जोडून, जोरजोरात नकारार्थी मान हलवू लागला.

"भाऊजी," दारातून वहिनीचा लाडिक आवाज आला, "जरा इकडे बघा ना."

फुकटभाऊने खुर्ची घट्ट धरली. मान मात्र आपोआप वळू लागली.