दोरी ओढायची वेळ

"भाऊजी, हे जरा बघता का?" वहिनी म्हणाली आणि कुकरचं झाकण पुढे धरून तिने त्यातला सेफ्टी व्हॉल्व्ह नुसत्या बोटाने फिरवला. तो फिरला. पुन्हा फिरला. फिरतच राहिला.

"इथे कारखान्यात भाऊजी म्हणू नका, कितीदा सांगितलं," सुपरवायझर पुटपुटला. त्याचं सगळं लक्ष दाराकडे होतं. मालकांकडचे पाहुणे आता कोणत्याही क्षणी आत येणार होते.

"बरं, साहेब. याचे आटेच धरत नाहीत. वाफ कोंडली की हा उडून थेट बाईच्या तोंडावर येईल."

"ठेवा मग ते एक बाजूला."

"एक असतं तर तुम्हाला हाक मारली असती का? सकाळी फोडलेली व्हॉल्व्हची अख्खी पेटी अशीच निघाली आहे. पुढे गेलेल्या झाकणांनाही त्यातलेच लागलेत."

पुढे म्हणजे पट्ट्यावरून सरळ पॅकिंगला आणि तिथून गाडीत. पट्टा थांबवल्याशिवाय ती मागे येणार नव्हती. आणि पट्टा थांबवायची दोरी तर वहिनीच्या डोक्यावरच लोंबत होती, पिवळीधमक, कोरी करकरीत.

कारखाना विकत घेणाऱ्या परदेशी मालकांनी ती लावून घेतली होती. त्यांच्याकडे म्हणे रीतच आहे. ज्याला खोट दिसेल त्याने दोरी ओढायची, सगळं काम थांबवायचं आणि साहेबाने येऊन, वाकून त्याचे आभार मानायचे. इथे ती लागली त्याच आठवड्यात एका भाबड्या कामगाराने ओढली. मॅनेजर आले. आभार राहिले बाजूला, सगळ्यांदेखत त्यांनी शांतपणे एवढंच विचारलं, "नाव काय रे तुझं?" तेव्हापासून धूळ झटकायलासुद्धा कुणी दोरीला हात लावला नव्हता.

मग तिकडून विचारणा झाली, दोरी कुणीच कशी ओढत नाही? त्यावर मॅनेजरांनी तोड काढली. पाहुणे आले की बरोबर अकराला दोरी ओढायची आणि स्टिकर वाकडं लागलेलं एक झाकण दाखवायचं. घरचं माणूस ऐन वेळी घोळ घालणार नाही म्हणून सुपरवायझरने वहिनीचं नाव सुचवलं होतं. झाकण टेबलाखाली तयार होतं. तालीमही झाली होती. आजचा दिवस सुरळीत गेला की फोरमनची जागा तुझीच, असं मॅनेजरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं. घरी तर ती मिळाल्यासारखीच होती.

"ओढू का मग आत्ता?" वहिनीने विचारलं.

"अकराला."

"स्टिकरसाठी?"

"वहिनी, पाया पडतो तुमच्या. आत्ता नको."

तिने पुढचं झाकण उचललं.

त्याचा मात्र पाय एका जागी ठरेना. तो पॅकिंगपर्यंत गेला. खोकी चिकटपट्ट्या लावून घेत गाडीकडे सरकत होती. परत आला. स्वतः एक व्हॉल्व्ह पिळून पाहिला, मग दुसरा. दोन्ही गरगर फिरले. तळहात पँटला पुसत तो दाराशी उभ्या मॅनेजरांकडे गेला आणि कानाशी लागून सगळं सांगितलं.

मॅनेजर टाय नीट करत होते. "दुपारी बघू," ते म्हणाले. "आज अपशकुन नको."

तेवढ्यात पाहुणे आलेच, एकटेच, सोबत फक्त एक दुभाषी मुलगी.

अकराला वहिनीने दोरी ओढली. घंटा वाजली, पट्टा थांबला. तिने स्टिकरचं झाकण दाखवलं आणि पाठ केलेलं वाक्य एका दमात म्हटलं. दुभाषी मुलीने ते पाहुण्यांच्या भाषेत सांगितलं. पाहुण्यांनी स्टिकर पाहिलं, मान डोलावली आणि कमरेतून वाकून आभार मानले. मॅनेजरांनी टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. फोटो निघाला. पट्टा पुन्हा चालू झाला आणि मंडळी पुढे सरकली.

"माझी ओढायची पाळी झाली, भाऊजी," वहिनी खालच्या आवाजात म्हणाली.

समोरून एकामागून एक झाकणं चालली होती. सुपरवायझरच्या डोळ्यांपुढे कुठलंसं स्वयंपाकघर आलं, शेगडीपाशी कुणीतरी उभी होती. तिचा चेहरा दिसला नाही. कडेवरचं मूल तेवढं दिसलं.

त्याचा हात वर गेला.

घंटा वाजली तशा दोघातिघांनी सवयीने टाळ्या वाजवल्या आणि मध्येच थांबवल्या. मॅनेजर वळले. चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून दातांतून म्हणाले, "आता काय?"

पाहुणे मागे फिरले, चालत नव्हे, जवळजवळ पळतच. सुपरवायझरने झाकण नुसतं पुढे धरलं. पाहुण्यांनी व्हॉल्व्हला बोट लावलं. तो फिरला. त्यांनी पुन्हा फिरवला. मग ते तिथेच, तेलकट फरशीवर गुडघे टेकून बसले आणि पेटी ओढून त्यातले व्हॉल्व्ह एकेक करून उजेडात धरू लागले. वाकायचं राहिलं, आभार मानायचेही राहिले.

"सर, कपडे... कपडे खराब होतील तुमचे," मॅनेजर खिशातून रुमाल काढत म्हणाले.

पाहुण्यांनी मान वर केली नाही. नुसता हात मागे पसरला. सुपरवायझरने पट्ट्यावरचं पुढचं झाकण उचललं आणि त्या हातावर ठेवलं.