वरचं बटण

तिने गॅलरीतून खाली बघितलं. तन्मय अंगणात पळत होता, तिनेच विणलेला लाल स्वेटर घालून. तन्मयला जाऊन दोन हिवाळे झाले होते.

"ती वॉचमनकाकांची गोदा आहे, आई," धाकटी शाल्मली चाचरत म्हणाली. "थंडीने काकडत होती. माझा दानाचा डबा रिकामा होता, म्हणून दादाचा स्वेटर दिला."

"मला न विचारता?"

"तूच सांगतेस ना, खाऊच्या पैशांतून आधी दानाचा वाटा काढायचा, आणि द्यायचं ते उरलंसुरलं नाही, आवडतं तेच?"

स्वेटर परत घ्यायला ती तरातरा जिना उतरली. तिला बघताच गोदा मुकाट्याने बटणं काढू लागली. आत नुसता विरलेला फ्रॉक होता.

आईने ती बटणं पुन्हा लावली, अगदी गळ्यापर्यंत. रोज शाळेत जाताना तन्मयची लावायची तशी. तो मात्र कोपऱ्यावर पोचताच वरचं काढून टाकायचा.

"वरचं उघडं ठेवू नकोस, बाळा. वारं लागतं."

मान डोलावून गोदा पळाली. कोपऱ्यावर वळताना तिचा हात हळूच गळ्याशी गेला.