म्होफू कुळाची लेक

“ही ती मुलगी वाटत नाही,” खिडकीमागच्या चिकोमोबाई म्हणाल्या.

जुन्या पासपोर्टावर चार वर्षांची गुबगुबीत पोर होती. समोर उभी होती ती नऊ वर्षांची, किडकिडीत, डोकंभर बारीक वेण्या घातलेली न्याराझो.

“मुलं वाढतात हो बाई,” झिवानाई हसून म्हणाला.

“वाढतात. आणि भलत्याच कागदांवर भलती मुलं सीमेपलीकडेही जातात. माझी खात्री पटू द्या.”

बाईंचं काही चुकत नव्हतं. बोट्स्वानात, गॅबरोनमधल्या झिम्बाब्वेच्या वकिलातीत शंभर तऱ्हेची माणसं येतात. पण झिवानाईसारखा चिवट माणूस त्यांनीही फारसा पाहिला नसावा. आधीच्या खेपेला जन्मदाखल्याची मूळ प्रत गावी राहिलेली निघाली होती. दुसरा कुणी नशिबाला बोल लावत बसला असता. हा पठ्ठ्या बसस्टँडवर गेला, हरारेच्या बसच्या ड्रायव्हरला गाठलं, त्याला चहा-भजी खाऊ घातली आणि त्याच्याच हातून गावाहून दाखला मागवून घेतला. आता गॅरेजमधून पुन्हा रजा काढून, हातावरचं ग्रीस घासून घासून धुऊन तो उभा होता. शेजारी स्पीवे होती, न्याराझोची आई. दवाखान्यातली रात्रपाळी करून ती थेट इथे आली होती. सही तीच करणार असल्यामुळे झिवानाईकडे कुणी त्याचे कागद मागितले नाहीत.

पासपोर्ट ऑगस्टच्या आत हवाच होता. गावी, बुहेराला, थडग्याचा विधी होता. गेलेल्या माणसाचा आत्मा रानात भटकत राहू नये म्हणून ज्वारीची दारू गाळून, ढोल वाजवून त्याला घरी आणायचं. गावकऱ्यांनी न्याराझोसाठी विधी एकदा पुढे ढकलला होता. आता आणखी थांबणार नाही, असं त्यांनी कळवलं होतं. मुलगी पोचली नाही, तर तिच्यावाचून उरकणार होते.

गॅरेजमधला गोंडो तर रोज त्याची फिरकी घ्यायचा. कारण जेवणाच्या सुट्टीत झिवानाई फोन कानाला लावून गावच्या कुणा म्हाताऱ्याकडून म्होफू कुळाची स्तुती शिकत बसे. म्होफू म्हणजे रानातलं थोरलं हरीण, ते या कुळाचं दैवत. झिवानाई एकेक ओळ अडखळत म्हणायचा, चुकायचा, पुन्हा म्हणायचा.

“स्वतःच्या कुळाची स्तुती येत नाही तुला?” गोंडो म्हणायचा. “तुझा म्हातारा थडग्यातून उठून कानाखाली देईल एक.”

“देऊ दे,” झिवानाई म्हणायचा आणि पुढची ओळ विचारायचा.

दुपारी शिकलेलं तो संध्याकाळी न्याराझोला शिकवी. चुलीवर मक्याच्या पिठाचा साड्झा रटरटत असे, आणि बापलेकीचा घोष चाले. पोर शाळेत सेत्स्वाना बोलणारी, तान्हेपणापासून इथेच वाढलेली. गावाकडच्या शोना भाषेतले शब्द तिच्या जिभेवर वळत नसत. ती रुसायची, तोंड फुगवून बसायची. तो तिला शेंगदाणे द्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. त्याला कधी आवाज चढवताना शेजाऱ्यांनी ऐकलं नाही. असा धीर मला कुणी उधार दिला तरी आठवडाभर पुरायचा नाही.

चिकोमोबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “बाळ, तुझं गाव कोणतं?”

न्याराझोने गाव सांगितलं. मुखियाचं नावही सांगितलं.

“बरं. आता बापाचं कूळ सांग.”

न्याराझोने झिवानाईकडे पाहिलं. त्याने मान हलवली. मग ती दोन्ही हात जोडून उभी राहिली आणि म्होफूची सगळी स्तुती म्हणाली. शिंगांची ऐट, बुहेराच्या टेकड्या, झोपी गेलेल्या पूर्वजांची नावं, काही सुटलं नाही. मागच्या बाकावर वाट बघणारी माणसं हळूहळू टाळ्या देत ताल धरू लागली. स्पीवे मात्र भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होती.

बाईंनी विचारलं, “कुणी शिकवलं गं तुला?”

“बाबांनी. रोज.”

“माझ्या पोरालाही येत नाही हे,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी शिक्का उचलला. “म्होफू, धन्य आहे तुमची. बापाने असं असावं.”

झिवानाईने टोपी काढली, ओंजळीच्या टाळ्या वाजवून वाकून आभार मानले.

पासपोर्ट वेळेत आला. तिघे बसने निघाले. सीमेवर अधिकाऱ्याने नवा फोटो पाहिला, न्याराझोकडे पाहिलं आणि जाऊ दिलं. झिवानाईने इतका मोठा श्वास सोडला, की स्पीवेला हसू आलं.

बुहेराला पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. बायकांनी स्पीवेला स्वयंपाकाच्या झोपडीत नेलं. ढोल सुरू झाले. एक उंच म्हातारी काठी टेकत गर्दीतून आली, न्याराझोची हनुवटी उचलून बघत राहिली आणि मग झिवानाईकडे वळली.

“इथून पुढे थडग्यापाशी फक्त कुळातली माणसं जातात, बाबा. तुमचं कूळ कोणतं?”

“मोयो,” झिवानाई म्हणाला. त्याने न्याराझोचा हात सोडला, तिला तिच्या बापाच्या थडग्याकडे जायला सांगितलं आणि स्वतः कुंपणाबाहेर, परक्या पाहुण्यांमध्ये जाऊन उभा राहिला.