हलायचं नाही

"हा कुठून आला?" व्हर्नाचा आवाज इतका चढला, की दाराशी झोपलेलं मांजर उठून बाहेर गेलं.

टेबलावर फोटोच फोटो पसरले होते. दुपारी लॉस एंजेलिसहून म्युझियमचा माणूस फोटोंचा खोका न्यायला येणार होता. तिच्या बापानं, ऑरिन हॅस्केटनं, कुठल्या स्टुडिओच्या दारात न जाता, लोन पाइनच्या खडकांत स्वतःच्या हिमतीवर काढलेल्या एकेचाळीस काऊबॉय पिक्चरांचे फोटो. सकाळपासून व्हर्ना प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीनं नावं टाकत होती. हा शेरीफ. हा दरोडेखोर. ही पांढऱ्या घोडीवरची बाई म्हणजे आई, हिरॉइन पळून गेली त्या आठवड्यातली. शेवटी खोक्याच्या तळाचा पुठ्ठा सुटलेला दिसला, म्हणून तिनं तो उचकटला. खाली हा एकटाच निघाला.

फोटोत तिचा भाऊ होता. डेल. आणि तो स्पष्ट दिसत होता.

डेल कधी स्पष्ट यायचाच नाही. उन्हावर पिक्चरचा हक्क, असं ऑरिनचं म्हणणं. त्यामुळे फोटो नेहमी ऊन गेल्यावर. दिवसाचा शेवटचा सीन झाला, सावली खडकांवरून खाली उतरली, की तो पेटीएवढा फोटोचा कॅमेरा लावायचा, ओरडायचा, "हलायचं नाही!" आणि तीनपर्यंत सावकाश मोजायचा. अंधुक उजेडात जरा हललं की फोटो पुसट, म्हणून तेवढा वेळ सगळे जिथल्या तिथे दगड. घोडेसुद्धा शिकले होते. डेल नाही शिकला. दोनला त्याचं नाक खाजायचं, तीनला हसू फुटायचं. हीरोच्या बदली तो घोड्यावरून पडला, छपरावरून पडला, धावत्या गाडीखालून गेला, आणि प्रत्येक फोटोत नुसता धूर. टोपी घातलेला धूर.

"अरे गाढवा, तीन आकडे! तीन आकडे धड राहता येत नाही तुला?" ऑरिन बोंबलायचा. डेल म्हणायचा, "पप्पा, तुम्ही जरा भरभर मोजा की!"

एकोणिसाव्या वर्षी तो गेला. शूटिंगहून घरी येताना सुक्या ओढ्यात घोड्याचा पाय बिळात गेला, असं ऑरिननं सांगितलं. व्हर्ना तेव्हा नऊ वर्षांची. त्यानंतर आईनं एकच धोशा लावला. पोराचा चेहरा दिसेल असा एक फोटो द्या.

"नाही गं. एकही धड नाही," ऑरिन म्हणायचा.

शेवटी आईनं त्यातल्या त्यात बरा धूर चौकटीत घालून पलंगासमोर लावला. "कान तरी त्याचाच आहे," म्हणायची. त्या कानाकडे बघत बघतच ती गेली.

आणि हा इथे. सत्तावीस वर्षं पुठ्ठ्याखाली. डेल जमिनीवर आडवा, मेलेला दरोडेखोर. हनुवटीवरची खाच, अर्धा तुटलेला दात, एकेक पापणी मोजून घ्यावी. भोवतीच्या चौघांची बोटं पुसट आली होती, घोड्याचं शेपूट पुसट. डेल तेवढा लख्ख.

व्हर्नानं फोटो नेऊन बापाच्या नाकासमोर धरला. ऑरिन खिडकीशी बसून ग्लासातल्या दुधात मक्याचा पाव कुस्करत होता. त्याचा चमचा थांबला.

"पप्पा, हा तुमच्याजवळ होता?"

"ठेव तो."

"आई एका कानाला गुड नाइट म्हणत मेली! एका कानाला! आणि तुम्ही हा दाबून बसलात?"

"ठेव म्हटलं ना, व्हर्ना."

"नाही ठेवत! सगळ्यांत वर हाच घालते. लागू दे म्युझियमच्या भिंतीवर. आईला नाही तर नाही, लोकांना तरी दिसू दे तो."

ऑरिननं ग्लास बाजूला सारला. "कोपऱ्यातला नंबर बघ."

प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात पांढऱ्या शाईनं पिक्चरचा नंबर असायचा. व्हर्नानं बघितलं.

"बेचाळीस. पण पिक्चर तर एकेचाळीसच आहेत."

"बेचाळिसावा पुरा नाही केला."

बोलपट आले आणि हॅस्केट संपला, असं सगळा गाव म्हणायचा. व्हर्नाही तेच म्हणायची. ऑरिननं कधी कुणाला खोडून काढलं नव्हतं.

"ओढ्यात बीळबीळ काही नव्हतं," तो म्हणाला. "ओढ्यापर्यंत आलोच नव्हतो आम्ही."

व्हर्नानं त्याच्या समोर धरलेला फोटो खाली घेतला.

"गोळी लागल्यासारखं घोड्यावरून पडायचं होतं त्याला. पडला, अगदी खुणेवर. सावली आलीच होती. मी पळत जाऊन फोटोचा कॅमेरा लावला. ओरडलो, हलायचं नाही. एक. दोन. तीन. पापणीसुद्धा हलली नाही पोराची."

व्हर्नानं फोटो खिडकीत पालथा ठेवला.

"मला इतका आनंद झाला गं," ऑरिन म्हणाला. "सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या मी. म्हटलं, शाब्बास डेल! जमलं बघ! ऊठ आता."