वजनकाटा

पोट स्टिअरिंगला टेकायला लागलं, तेव्हा आमच्या सुपरवायझरनं मला ट्रक तोलायच्या काट्यावर एकट्यालाच उभं केलं. "एकशे वीस किलो!" तो माइकवरून ओरडला. "याच्या मागे ट्रेलर जोडा रे!" अख्खं यार्ड पोट धरून हसलं. मीही हसलो. करतो काय?

दुसऱ्या दिवसापासून माल उतरेपर्यंत ट्रकभोवती चाळीस फेऱ्या मारायला लागलो. हॉटेलातलं तळलेलं बंद केलं. केबिनमध्ये काकडी, उकडलेली अंडी आणि मोड आलेली कडधान्यं, बस्स. जीभ रडायची, मी गाडी हाकायचो.

सुपरवायझरशी भांडलो मात्र नाही. उलट प्रत्येक खेपेहून येताना त्याच्यासाठी क्रीमचा अख्खा केक आणायचो. तो टेबलावरच डबा फोडायचा आणि बोटं चाटायचा. यार्डातले म्हणायचे, "देवमाणूस आहेस बाबा." बायको तेवढी चिडायची. "ज्यानं चारचौघांत तुमची अब्रू काढली, त्याचेच लाड?" मी काकडी चावत राहायचो.

वर्षभरानं मी आपणहून काट्यावर चढलो. ऐंशी भरलो. टाळ्या थांबल्यावर सुपरवायझरला हाताला धरून काट्यावर आणलं आणि माइक मी घेतला.

"एकशे चाळीस!"

हसणं थांबेपर्यंत वाट पाहिली. मग माइकवरूनच अगदी मायेनं विचारलं, "साहेब, उद्या चॉकलेटचा आणू, की अननसाचा?"